लाँचच्या पोटातलं मुसळ

आमच्या घरात लाकडाची कुठलीही वस्तू आली की ती आधी पाण्यात पडायची. पोळपाट आला, पाण्यात. रवी आली, पाण्यात. माझी शाळेची पट्टी, आईचा फणेरपेटीतला फणा, आत्याच्या छत्रीची मूठ, सगळ्यांनी न्हाणीघरातल्या पिंपात एकेक बुडी मारलेली होती. बाबा पिंपाशी उकिडवे बसायचे, वस्तू अलगद सोडायचे आणि ती तरंगली की घरातलं कुणी नापास झाल्यासारखा चेहरा करायचे. पाहुणे हात धुवायला आत गेले की त्यांना पिंपात लाटणं, खुर्चीचा पाय असं काहीबाही पोहताना दिसायचं. ते काही विचारत नसत. मराठी माणूस कलकत्त्यात आला की पुष्कळ गोष्टी न विचारता सोडून द्यायला शिकतो.

बाबा बजबजला नदीकाठच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. तिथे लाँची दुरुस्त व्हायच्या. आता लाँचीचं एक सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. इंजिन असतं आत आणि पंखा असतो बाहेर, पाण्यात. दोघांना जोडणारा लोखंडी दांडा बुडातून बाहेर जातो, आणि जिथून तो जातो तिथे त्याला फिरायला एक गादी लागते. बेअरिंग म्हणतात तिला. ही गादी पूर्वीपासून लाकडाच्या पट्ट्यांची करायचे. त्यासाठीचं लाकूड पार वेस्ट इंडिजकडून यायचं, दगडासारखं जड आणि अंगचंच तेलकट, त्यामुळे त्याला वंगण लागायचं नाही, नदीचं पाणी पुरायचं. हे सगळं मला कसं ठाऊक म्हणाल, तर आमच्याकडे वरण-भातावर तूप पडायच्या आत याच विषयावर बोलणं सुरू व्हायचं. बाबा भाताचा ढीग करायचे, त्यात शेवग्याची शेंग आडवी खुपसायचे आणि फिरवून दाखवायचे. आई म्हणायची, "अहो, ती खायची असते."

त्या दिवसांत परदेशातून काही मागवायचं म्हणजे परवान्यांचं झंझट, आणि ते लाकूड यायचंच बंद झालं. कारखान्याचे मोठे साहेब, चॅटर्जीसाहेब, म्हणाले की आता प्लास्टिकची गादी बसवू, एक कंपनी नमुना द्यायला तयार आहे. बाबांना ते नाव काढलं तरी ठसका लागायचा. ते म्हणायचे, आपल्या देशात एवढी कठीण लाकडं उगवतात, एक तोडलं तर दुसरं लावता येतं, झिजलं तर पाण्यात कुजून जातं. प्लास्टिक झिजून जाणार कुठे? खालच्या मजल्यावरच्या घरमालकांना, गांगुलीबाबूंना, त्यांनी जिन्यात गाठून हे समजावलं. झिजलेलं प्लास्टिक नदीत, नदीतून इलिश माशाच्या पोटात, माशातून तुमच्या पोटात. गांगुलीबाबूंच्या हातात त्या वेळी इलिशच होता, गरियाहाट बाजारातून नुकताच आणलेला. ते बिचारे माशाकडे बघत कितीतरी वेळ जिन्यातच उभे राहिले.

माझी नात सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये मोठ्या काचेच्या ऑफिसात जाते. परवा तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, पणजोबा सस्टेनेबल होते." मी म्हटलं असतील बाई, पण घरात असा माणूस असला की पहिली काळजी पाटांची घ्यावी लागते.

कारण बाबांनी कामाला लावलं नाही असं लाकूड राहिलं नव्हतं. सुंदरबनातलं सुंदरी झालं, साल झालं, बाभूळ झालं. काही फुगायचं, काही फाटायचं, काही महिनाभर भिजून असा वास मारायचं की गांगुलीबाबूंची सून वर येऊन नाकाला पदर लावून विचारायची, "बोउदी, काही मेलं का?" बोउदी म्हणजे वहिनी. घरात आम्ही चौघंच. आई, बाबा, मी आणि बाबांची धाकटी बहीण कमूआत्या. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि तिशीला टेकली होती. तिचं लग्न अडलं होतं त्यालाही थोडंफार लाकूडच कारण होतं. मागे एकदा तिला बघायला माणसं आली, मुलाच्या वडिलांच्या हातात काळीभोर काठी. पोहे झाले, चहा झाला, आणि बाबांनी अगदी आदबीनं विचारलं, "काठी जरा बघू का?" काठी घेऊन ते आत गेले. ते वृद्ध गृहस्थ निघायला उठले तेव्हा काठी पिंपात तरंगत होती. होकार काही आला नाही. आत्या कधी बोलून दाखवायची नाही, पण त्यानंतर घरात कुणी पाहुणे यायचे असले की ती पिंप रिकामं करून उपडं घालायची.

आता आईच्या मुसळांकडे येते. आई खानदेशातली, जळगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं, कलकत्त्यात काय मिळतं न मिळतं कोण जाणे, म्हणून एक उखळ आणि मुसळांची जोडी बरोबर दिली. अंजनाच्या लाकडाची, एकाच झाडाची, काळपट लाल, खाली लोखंडी कडी बसवलेली. हात लावला तर लाकूड गार लागायचं. आईचा गोडा मसाला, भाजणी, शेंगदाण्याचं कूट सगळं त्यातच व्हायचं. दुपारी ट्रामची घंटा, फेरीवाल्याची हाक आणि वर आमचं धप्प, धप्प. गांगुलीबाबूंचा छताचा पंखा त्या तालावर डुलायचा. सुरुवातीला ते तक्रार करायला आले होते. आईनं त्यांना ताजं मेतकूट, वर तूप आणि गरम भात दिला. मग त्यांनी पंख्याखालची खुर्ची हलवली.

पण त्या मुसळांची खरी कामगिरी लग्नांत. आपल्याकडे लग्नाआधी घाणा भरतात. दोन मुसळांना आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी मिळून हळकुंडं कांडायची, ओव्या म्हणायच्या, आणि तीच हळद मग नवरीला. पुण्यात असेल घरटी जोडी, कलकत्त्यात सगळ्या मराठी घरांत मिळून ही एकच. त्यामुळे मुंज असो, लग्न असो, आमची मुसळं टॅक्सीत बसून गावभर हिंडायची. त्या वर्षांत शहरात पोलिसांची फार नाकेबंदी असे. चादरीत गुंडाळलेल्या दोन लांब वस्तू बघून टॅक्सी हमखास थांबवली जायची. मग देशमुखकाकू खाली उतरायच्या. आमच्या महिला मंडळाच्या त्या सर्वेसर्वा, उंच, नऊवारीतल्या, आवाज खणखणीत. शिपायाला त्या सांगायच्या, "ये हमारे में लग्न के पहले कांडते हैं. पाच बायका एकदम." शिपाई पाच बायका ऐकून बाजूला व्हायचा.

त्या साली आई माहेरी गेली, तिच्या भावाकडे काही कार्य होतं. जाताना सगळं बजावून गेली, दूध कुठे, विरजण कुठे. मुसळांचं काही बोलली नाही, कारण मुसळांचं काय बोलायचं? तोवर बाबांनी ती का सोडली होती, हे मला अजून कोडं आहे. बहुतेक ती भिंतीशी उभी असायची, आणि घरातली उभी वस्तू पुरुषांना दिसत नाही. आई नाही म्हणून त्या दिवशी बाबा स्वतः कूट करायला बसले आणि मुसळ उचलल्याबरोबर थबकले. मी बघत होते. त्यांनी ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं, वास घेतला. मग न्हाणीघरात गेले. मुसळ पिंपात मावेना, म्हणून तिरपं धरून सोडलं. ते सरळ तळाशी गेलं, खण्ण करून आवाज आला, आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी.

"शकू," ते मला म्हणाले, "हे इतकी वर्षं घरात होतं."

आत्या शाळेतून आली तेव्हा मुसळ एकच उरलं होतं. तिनं विचारलं, "दादा, दुसरं कुठाय?" बाबा शांतपणे म्हणाले, "कारखान्यात नेलं. एक आहे की. ते दुसरं स्पेअरच होतं." बाबांचं सगळं आयुष्य यंत्रांत गेलेलं. यंत्राच्या प्रत्येक भागाला एक जादा भाग असतो, एक मोडला तर दुसरा लावायचा. त्यांच्या लेखी मुसळांच्या जोडीचा अर्थ तोच. घाणा ही बायकांची गोष्ट, पुरुष तेव्हा बाहेर पान खात उभे असतात, त्यांनी ती दोन मुसळं एकत्र कधी बघितलीच नव्हती. त्यांनी चॅटर्जीसाहेबांकडून एक संधी मागून घेतली होती. नदी पार करून गिरणी-कामगारांना नेणारी एक लाँच दुरुस्तीला आली होती. अंजनाच्या पट्ट्या कापल्या, गादी बसवली, लाँच पाण्यात सोडली, आणि ती अशी चालली की बाबांनी घरी येऊन स्वतःच शिरा करून खाल्ला.

आई परत आली ती आनंदाची बातमी घेऊन. झालं असं की देशमुखकाकूंचा भाचा मधुकर बँकेत बदली होऊन कलकत्त्याला आला होता, आणि तो आणि आत्या एकाच ट्रामनं जायचे. आत्यानं ट्रामचं काही सांगितलं नव्हतं, पण हल्ली ती पातळाला इस्त्री करत होती. मधुकरचे आईवडील नाशिकला. त्यांनी जळगावला येऊन आईला गाठलं, मुलगी मागितली, लग्न कलकत्त्यातच करू म्हणाले, आणि पुढचं सगळं काकू ठरवतील असं सांगितलं. आई ट्रंक खाली ठेवायच्या आत हे सगळं बोलली. आत्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, पण कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मग आई म्हणाली, "चला, मुसळं घासून ठेवते. एवढ्यांच्या पोरींचे घाणे झाले यांच्यावर, आता आपल्या घरचा." आणि कोपऱ्यात गेली.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एक मुसळ उचललं, त्याच्यामागे बघितलं, जणू दुसरं मागे लपलं असेल. बाबांनी सांगितलं. पंखा, दांडा, गादी, वेस्ट इंडिज, सगळं. शेवटी म्हणाले, "आणि हे बघ, घेतलं तेवढं परत द्यायचं, हे माझं तत्त्व आहे. तुझ्या भावाला पत्र टाकून अंजनाचं बी मागवलंय. गॅलरीतल्या कुंडीत लावतो."

"मुसळ निघेल एवढं कधी होईल ते?" आईनं विचारलं.

बाबांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. "साठ-सत्तर वर्षांत."

"बरं," आई म्हणाली, "मी उखळ घासून तयार ठेवते."

आत्या आत गेली आणि तिनं पिंप उपडं घातलं. तेव्हा बाबांना पहिल्यांदा कळलं की झालंय काय. घाण्याची जोडी फुटणं म्हणजे लग्नघरात केवढा अपशकुन, आणि त्यातून काकू शकुन-अपशकुनाच्या पक्क्या. एका लग्नात कलशावरचा नारळ कलला म्हणून त्यांनी मुहूर्त थांबवला होता. बाबा दुसऱ्या दिवशी लाँचीमागे धावले. लाँच नदीत होती. आणि परत आणून करणार काय, मुसळाच्या पट्ट्या झालेल्या. बाबा गरियाहाटहून सागवानाचा एक दांडा घेऊन आले, आकार तसाच, रंगवून घेऊ म्हणाले. आईनं तो उचलला, एका हाताच्या दोन बोटांवर तोलून दाखवला आणि खाली ठेवला.

"दादा," आत्या म्हणाली, "काकूंना मी सांगते. लपवून लग्न नको. मोडायचं तर आताच मोडू दे." आवाज साधा होता, पण तिनं पदराच्या टोकाची गुंडाळी करकचून केली होती, सुटता सुटेना.

काकूंना घरी बोलावलं. बाबांनी पुन्हा भातात शेवग्याची शेंग फिरवून दाखवली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, ताटातला भात संपवला, शेंगही खाल्ली. मग विचारलं, "भाऊजी, ते लाकूड तुटलं की कामात आहे?"

"कामात आहे. दिवसभर. सकाळच्या पहिल्या फेरीपासून."

"पाण्यात?"

"गंगेत," बाबा म्हणाले. एरवी ते हुगळी म्हणत.

काकू ताक प्यायल्या. आत्या दाराशी उभी होती. आई वाढायचं विसरून डाव हातात घेऊन थांबली होती. "मग जोडी फुटली असं कसं म्हणायचं?" काकू म्हणाल्या. "एक घरी आहे, एक नोकरीला आहे. आमचे हेसुद्धा अर्धं आयुष्य आसनसोलला होते. पण घाणा भरायचा तर दोन्ही एके जागी हवीत. ती लाँच इथे आणता येईल का?"

आमच्या बालीगंजच्या घरी लाँच कशी येणार, एवढं बाबांनी धीर करून सांगितलं.

"मग आपण जाऊ," काकू म्हणाल्या.

तर अशा रीतीनं पाच सवाष्णी नऊवारी नेसून, नथी घालून, उखळ, मुसळ, हळकुंडं, आंब्याची पानं आणि डबाभर लाडू घेऊन बजबजच्या लोकलमध्ये बसल्या. मी, आत्या आणि बाबा बरोबर. आईनं मुसळ मांडीवर आडवं धरलं होतं, आणि बाबा शेजारी येऊन बसले तेव्हा उठून पलीकडे जाऊन बसली. लाँच चालवणारे करीमचाचा बाबांना मानत होते. त्यांना वाटलं काही पूजा आहे, म्हणून त्यांनी गिरणी-कामगारांना पुढे बसवलं आणि मागचा भाग धुऊन ठेवला. बाबांनी फळीवर खडूनं रेघ मारली, याच्या बरोबर खाली आपलं लाकूड. काकूंनी तिथे उखळ मांडलं. घरच्या मुसळाला हळदीचा दोरा आणि आंब्याची पानं बांधली, आणि दोऱ्याचं दुसरं टोक फळ्यांच्या फटीतून खाली सोडून बाबांना इंजिनाच्या खोलीत पाठवलं. ते कुठे बांधायचं तिथे बांधा, म्हणाल्या, पण फिरत्या दांड्याला नको, नाहीतर मुसळ खाली ओढलं जाईल. हे शेवटचं त्यांना कसं सुचलं, कोण जाणे.

लाँच नदीत गेली आणि पहिली अडचण आली. पाचातल्या खरेवहिनींना बोट लागली. त्या कठड्यावर डोकं ठेवून म्हणाल्या, "मला मोजू नका." चारच सवाष्णी उरल्या. काकूंनी सगळीकडे नजर फिरवली. पुढे एक बंगाली बाई बसली होती, हातात शंखाचे पांढरे चुडे, मांडीवर भाजीची टोपली. काकू तिच्यापुढे गेल्या, तिच्या चुड्याला बोट लावलं, कपाळाच्या सिंदूराकडे बोट केलं आणि मुसळाकडे बोट केलं. ती हसली, टोपली नवऱ्याकडे दिली आणि पदर खोचून आली. मग करीमचाचांनी आदरापोटी इंजिन बंद केलं. "अरे, बंद क्यूं किया?" काकू वरून म्हणाल्या. "नीचेवाला भी कांडना मंगता." इंजिन पुन्हा सुरू झालं.

मुसळ पडू लागलं. वर धप्प, खाली घरघर, काकूंची ओवी, आणि मध्येच त्या बंगाली बाईनं अशी उलू दिली, जीभ हलवून केलेला तो लांब आवाज, की पुढचे कामगार उठून उभे राहिले. लाँच अशा थाटात पलीकडे जाऊन परत धक्क्याला लागायला आली, आणि धक्क्यावर उभे होते चॅटर्जीसाहेब, शेजारी प्लास्टिकच्या कंपनीचा माणूस. त्यांना दुरून ऐकू आलं ते एवढंच, की लाँचीच्या मागच्या अंगातून, बरोबर गादीच्या जागेवरून, धप्प, धप्प आवाज येतोय. कंपनीचा माणूस म्हणाला, बेअरिंग गेलं. साहेब पाय घसरत लाँचीवर चढले.

"ए की होच्छे?" ते म्हणाले. हे काय चाललंय.

बाबा इंजिनाच्या खोलीतून डोकं वर काढून बाहेर आले, गालाला ग्रीस, हातात हळदीचा दोरा. काकूंनी साहेबांना एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, वडीलधारे आहेत असं ठरवलं, आणि त्यांच्या कपाळाला हळद लावून हातावर लाडू ठेवला. साहेबांनी लाडू धरला. उखळातलं कांडणं थांबलं तसा आवाजही थांबला, आणि खाली इंजिन शांतपणे घरघरत राहिलं. साहेबांनी कान दिला, वाकून फळीला हात लावला. कुठे थरथर नाही. कंपनीच्या माणसाकडे बघून त्यांनी खांदे उडवले. मग बाबांना विचारलं की उद्या हे लाकूड काढून दुसरं काही बसवलं तर चालेल का. बाबांनी ते काकूंना मराठीत सांगितलं.

"लग्न होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "आणि नंतर माघात जोश्यांची मंदा आहे."

साहेबांनी लाडू खाल्ला आणि ठीक आहे म्हणाले. बाबांनी इतके महिने आकडे काढले, तक्ते केले, त्याला साहेब बधले नव्हते. जोश्यांच्या मंदापुढे बधले. ती गादी पुढे कितीतरी वर्षं चालली, आणि मराठी मुलींचे घाणे गंगेवर भरायची पद्धतच पडली. पुण्याहून येणाऱ्या विहिणी आधी नाकं मुरडायच्या आणि मग लाँचीत खिडकीची जागा मागायच्या.

परत येताना उखळातली हळद काकूंनी पितळी डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि तो डबा आत्याच्या हातात दिला. "सांभाळ," म्हणाल्या, "आणि मधुकरला सांग, ट्राममध्ये तुम्ही दोघं एकाच बाकावर बसत होतात ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." आत्यानं डबा इतका गच्च धरला की बालीगंज येईपर्यंत तिची बोटं पिवळी झाली होती.

लग्न झालं. नारळ कलला नाही. त्या लग्नाचा एकच फोटो माझ्याकडे उरलाय, सगळ्यांचा मिळून. आत्या हसतेय, त्या काळात नवऱ्या फोटोत हसत नसत, पण ती दात दिसेपर्यंत हसतेय, आणि मधुकरकाका तिच्याकडे बघतायत. आई कडेला उभी आहे, पैठणी, नथ, आणि दोन्ही हातांनी उरलेलं मुसळ छातीशी धरलेलं. फोटोवाल्यानं ते खाली ठेवायला सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही. बाबा दुसऱ्या टोकाला आहेत, आईनंच त्यांना तिथे उभं केलं होतं. फोटोवाला म्हणाला होता, सगळ्यांनी इकडे बघा. सगळे बघतायत. बाबा तेवढे मान वळवून मुसळाकडे बघतायत.